पॅरिसची माती बघताना टीव्हीवर टॉवेल का टाकायचा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी 12 वर्षांची, 3 वर्षांपासून सिमेंटच्या हार्डकोर्टवर टेनिस खेळते. दिवाळीनंतर तिला पहिल्यांदाच मातीच्या कोर्टावर स्पर्धा खेळायची आहे. मेच्या शेवटी पॅरिसची फ्रेंच ओपन सुरू होतेय, तर ती बघून तिला काही शिकता येईल का आणि नेमकं काय बघायचं? शिवाय सोसायटीचा एक प्लॉट रिकामा पडलाय, त्यावर तसं लाल मातीचं कोर्ट करून घेता येईल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते कळलं की पहिल्याचं अर्धं काम होतं.

पॅरिसची ती लाल माती ही मुळात माती नाहीच. ती सुर्खी आहे. आपले जुने गवंडी चुन्यात मिसळायचे तो भाजलेल्या विटांचा चुरा. आणि तोसुद्धा वरवरच, जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर. त्याच्याखाली 6-7 सेंटीमीटर पांढऱ्या चुनखडीचा दाबलेला भुगा असतो. त्याखाली 7-8 सेंटीमीटर कोळसा जळून उरलेला खडा, मग निदान 30 सेंटीमीटर गिट्टी आणि तळाला मोठे दगड. खरं कोर्ट म्हणजे ती चुनखडी. ती पाणी धरून ठेवते, हळूहळू वर सोडते आणि बॉलला टप्पा देते. सुर्खीचं काम रंगाचं आणि पाय घसरवण्याचं. सामना चौथ्या-पाचव्या सेटपर्यंत लांबला की टीव्हीवर बेसलाइनच्या मागे बघा, पांढुरके पट्टे दिसायला लागतात. खेळाडूंच्या बुटांनी लाल साय खरवडून काढलेली असते आणि खालची चुनखडी डोकावते.

आता आपल्याकडचं सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी हा उद्योग स्वतः करून बसलोय. एका मैदानाचा कोपरा मिळाला होता आणि अंगात उत्साह फार. शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवरून तुकडा-विटांच्या दोन ट्रॉल्या आणल्या, मजुरांकडून कुटून घेतल्या, वाळूच्या चाळणीने चाळल्या. खाली फूटभर खोदून मुरूम भरला, रोलर फिरवला, वर सुर्खी पसरली, फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेघा मारल्या. सहा आठवडे असं देखणं कोर्ट की लोक स्कूटर थांबवून बघायचे. मग मृगाचा पाऊस आला. विटांमधला बराच माल कच्चा भाजलेला निघाला. पक्क्या विटेचा चुरा ओला झाला तरी चुराच राहतो, कच्च्या विटेची परत माती होते. आमच्या कोर्टाचा आठ दिवसांत आंबील झाला.

पण खरी चूक भट्टीवाल्याची नव्हती, माझी होती. फूटभर खोदून मी थांबलो आणि खाली काळी माती तशीच ठेवली. विदर्भाची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. कापसाला उत्तम, कोर्टाला वैरीण. पुढच्या एप्रिलमध्ये सर्व्हिस लाइनच्या जरा मागे अशी भेग पडली की रॅकेटचा दांडा आत जायचा. ग्राउंडवाले काका रोज संध्याकाळी त्यात मुरूम कोंबायचे आणि रोज सकाळी ती पुन्हा तोंड वासून बसलेली असायची. दोन वर्षांनी आम्ही नाद सोडला.

तेव्हा प्लॉटवर पॅरिस करू नका. करायचंच असेल तर आपल्याकडची जुनी रीत बरी: काळी माती पूर्ण काढून टाकायची, गिट्टी-मुरूम थरांनी दाबायचा, वर बारीक चाळलेला मुरूम आणि पिवळी माती, शेणाचं सारवण आणि रोलर. पाण्याचा उतार एका बाजूला द्यायचा. तरीही लक्षात ठेवा, कोर्ट बांधणं हा लग्नाचा खर्च आणि सांभाळणं हा संसार. आपल्या मे महिन्यात चारला मारलेलं पाणी साडेपाचला कोर्टावर नसतं. ओलावा गेला की वरचा थर सुटतो आणि पाय घसरत नाही, सटकतो. घसरणं आणि सटकणं यातला फरक तुमच्या मुलीच्या गुडघ्याला चांगला कळेल. ज्याच्याकडे दिवसातून दोनदा पाणी, जाळी ओढणं आणि रोलर करायला माणूस नाही, त्याने मातीचं कोर्ट पाळू नये. ज्या क्लबाकडे मुरमाचं कोर्ट आहे त्यांच्याकडून आठवड्यातल्या दोन सकाळी मागून घ्या. स्वस्त पडेल.

आता स्पर्धा.

ज्या स्टेडियममध्ये ती होते ते 1928 साली बांधलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सच्या चौघांनी, म्हणजे लाकोस्त, बोरोत्रा, कोशे आणि ब्रून्यों यांनी, अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप जिंकला होता आणि तो राखायचा सामना घरी खेळायचा तर मोठं मैदान हवं होतं. त्या स्टेडियमचं रोलाँ गॅरोस हे नाव टेनिसपटूचं नाही, वैमानिकाचं आहे. 1913 मध्ये विमानाने न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणारा तो पहिला, 1918 मध्ये युद्धात मारला गेला. मुलीला हे सांगा, शाळेतल्या क्विझला कामी येईल. खेळायला नाही येणार, म्हणून पुढे जातो.

मातीवर बॉल हळू येतो, एवढं सगळेच सांगतात. पण तुमच्या मुलीला त्रास होईल तो उंचीचा. टप्पा पडताना बॉल दाण्यांना घासतो, पुढचा वेग गमावतो आणि हार्डकोर्टपेक्षा वर उसळतो. टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, असेल तर आणखीच. स्पेनच्या राफाएल नदालचा फोरहँड मिनिटाला 3,000 हून जास्त फेऱ्या घेत असे. तो बॉल समोरच्याच्या खांद्याला यायचा आणि खांद्याच्या उंचीवरून एकहाती बॅकहँड मारणं म्हणजे माळ्यावरचा डबा चमच्याने काढणं. त्या मैदानावर तो माणूस 112 सामने जिंकला आणि फक्त 4 हरला, 14 वेळा विजेता झाला. 12 वर्षांच्या मुलीची उंची लक्षात घेता समोरून आलेला साधा उंच बॉलसुद्धा टप्प्यानंतर तिच्या डोक्यावरून जाईल. मग दोनच मार्ग उरतात: मागे सरून बॉल खाली येऊ द्यायचा किंवा पुढे येऊन चढतानाच मारायचा. मधे उभं राहायचं नाही. मुलं नेमकी मधेच उभी राहतात.

स्पर्धा आपल्या नवतप्यातच येते. 25 मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, नागपूर 45 च्या पुढे जातं आणि तिकडे पहिल्या फेरीचे सामने चालू असतात. पॅरिसमध्ये सकाळी 11 ला खेळ सुरू होतो, म्हणजे आपले दुपारचे अडीच. बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नाही अशा वेळी कूलरसमोर बसून टेनिस बघायला याहून चांगला महिना नाही. रात्रीचं सत्र तिथे सव्वाआठला, म्हणजे आपले पावणेबारा. ते मुलीला दाखवू नका, तिला पहाटे साडेपाचला कोर्टावर यायचं असतं. पण तुम्ही एखादा सामना जरूर जागून बघा, कारण तीच माती रात्री वेगळी वागते. दुपारी ऊन असेल तर कोर्ट कोरडं, बॉल हलका, टप्पा उंच. रात्री गारवा आणि दमट हवा, बॉल ओलावा आणि मातीचे कण चिकटून जड होतो, टप्पा बसतो. दुपारी ज्या फटक्याला थेट पॉइंट मिळतो, तोच रात्री परत येतो. आपल्याकडेही पहाटेचं मुरमाचं कोर्ट आणि संध्याकाळचं कोर्ट ही दोन वेगळी कोर्टं असतात. मुलीला दोन्हीवर उतरवा.

बघायचं काय, याचं माझं उत्तर एकच: पाय. आणि त्यासाठी एक उपाय आहे जो मी माझ्या मुलांना करायला लावतो. टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर टॉवेल टाका. कॅमेरा एका टोकाच्या मागून असतो, त्यामुळे खालच्या अर्ध्यात फक्त जवळचा खेळाडू उरतो. पलीकडचा दिसत नाही, बॉल अर्धा वेळ दिसत नाही. आवाज बंद. पहिली पाच मिनिटं मुलं कुरकुरतात, "काय करून राहिले सर, काही समजूनच नाही राहिलं." मग हळूहळू ती गप्प होतात. बॉल गेला की डोळ्यांना पायांशिवाय बघायला काही उरत नाही.

काय दिसतं? पहिलं, घसरणं कुठे संपतं. नवशिक्या पळत जातो, बॉल मारतो आणि मग घसरतो. म्हणजे फटका मारून झाल्यावर तो कोर्टाबाहेर चाललेला असतो आणि परत यायला त्याला दोन पावलं जास्त लागतात. मातीवर वाढलेला खेळाडू घसरत घसरतच बॉलपाशी पोचतो. घसरणं जिथे संपतं तिथेच फटका बसतो आणि त्याच क्षणी तो पाय परतीसाठी मातीत रोवला जातो. फरक अर्ध्या सेकंदाचासुद्धा नाही, पण 20 फटक्यांच्या रॅलीत तोच फरक धाप लागण्याचा होतो. मुलीला सांगा, एका गेममध्ये मोजायचं: किती वेळा घसरणं फटक्याआधी किंवा फटक्यासोबत संपलं, किती वेळा नंतर. वहीत दोन रकाने करा. अव्वल खेळाडूंचा दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. आणि ज्या गेममध्ये तो भरायला लागेल, तिथे पायांचं दमणं सुरू झालंय असं समजा. स्कोअर नंतर बघा, बहुतेक वेळा सर्व्हिस गेलेली असते.

दुसरं, घसरताना डोकं. ते एका पातळीत सरकतं, वर-खाली होत नाही, कारण गुडघे आधीच वाकलेले असतात. इथे मला दरवेळी आपला खो-खो आठवतो. खांबाला वळसा घालणारा चांगला धावक कसा कमरेतून खाली बसून वळतो? तीच बैठक. माझ्याकडे आलेल्यांत मातीवर सगळ्यात लवकर घसरायला शिकलेली मुलगी शाळेत खो-खो खेळायची. रॅकेट तिच्या हातात उशिरा आलं, पण पाय तयार होते.

सराव असा: कोरड्या मुरमाच्या मैदानावर, रॅकेटशिवाय, तीन पावलं पळून चौथं घसरवायचं. फोरहँडच्या बाजूला बाहेरचा पाय, म्हणजे उजव्या हाताच्या मुलीचा उजवा. वजन त्या पायावर, टाच टेकलेली, बोटं रुतू द्यायची नाहीत, मागचा पाय नुसता ओढत यायचा. आधी हातभर घसरलं तरी पुरे. सिमेंटच्या कोर्टावर हे अजिबात करायचं नाही. तिथे घसरणारे मोठे खेळाडू टीव्हीवर दिसतात, पण त्यांचे घोटे वेगळे आणि त्यांचे फिजिओही वेगळे.

बूट बदला. मातीच्या बुटाला तळाला वळणावळणाची, माशाच्या काट्यासारखी नक्षी असते. ती पकड देते आणि मातीही सोडते. हार्डकोर्टच्या बुटाच्या खाचा ओल्या मातीने भरल्या की तळवा गुळगुळीत होतो. खेळाडू पॉइंटच्या मधे रॅकेटने बुटाच्या तळाला ठोकतात ते उगाच नाही. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, मात्र बदलू नका. 1997 मध्ये कुएर्तेन नावाचा 66 व्या क्रमांकाचा ब्राझीलचा मुलगा पॉलिएस्टरचं गटिंग वापरून तिथे जिंकला आणि मग सगळं जग त्या कडक तारेमागे लागलं. फिरकी मिळते हे खरं, पण 12 वर्षांच्या कोपराला ती तार फार कडक. दुकानदार आग्रह करेल, ऐकू नका.

सामने कुठले बघायचे? फायनल तर बघाच, पण शिकायला पहिला आठवडा आणि बाहेरची छोटी कोर्टं. 80-90 व्या क्रमांकाचा एखादा अर्जेंटिनाचा किंवा स्पेनचा खेळाडू निवडा. त्याच्याकडे ताशी 220 किलोमीटरची सर्व्हिस नसते, त्यामुळे तो पॉइंट रचून खेळतो: तीन बॉल बॅकहँडकडे उंच, चौथा तिरका, पाचवा ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीपलीकडे अलगद टाकलेला बॉल. अव्वल खेळाडूंच्या ताकदीत ही बांधणी दिसत नाही, इथे उघडी दिसते. ड्रॉप शॉट बघताना तो कधी मारला हे टिपा. समोरचा मागे ढकलला गेला असेल तरच तो चालतो. मुलांना तो दमल्यावर सुचतो. म्हणून त्यांचा नेटमध्ये जातो.

वाऱ्याचंही सांगतो, कारण आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वावटळी उठतात आणि पालक म्हणतात आज खेळू नका. 2025 ची महिलांची फायनल वाऱ्यात झाली. सबालेंकाने पहिला सेट टायब्रेकमध्ये घेतला, पण तिच्या हातून 70 अनफोर्स्ड एरर, म्हणजे समोरच्याने भाग न पाडता झालेल्या चुका, झाले आणि गॉफ 6-7, 6-2, 6-4 अशी जिंकली. गॉफने काही अचाट मारलं नाही. बॉल जाळीवरून उंच आणि रेषेपासून लांब ठेवला आणि पाय थांबवले नाहीत. वाऱ्यात शेवटच्या क्षणी बॉल हलतो, तेव्हा छोटी छोटी पावलं लागतात. वावटळीच्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका, चष्मा लावून पाठवा.

त्याच वर्षीची पुरुषांची फायनल 5 तास 29 मिनिटं चालली. अल्काराझ दोन सेट मागे होता, चौथ्यात 3-5 आणि स्वतःच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे सिनरकडे सलग तीन चॅम्पियनशिप पॉइंट. तिथून तो जिंकला. सगळे त्याच्या हिमतीबद्दल बोलतात. ती आहेच. मी ते तीन पॉइंट टॉवेल टाकून पुन्हा बघितले. हार समोर उभी असतानाही सिनरच्या प्रत्येक फटक्याआधी त्याची ती छोटी उडी, स्प्लिट स्टेप, चुकलेली नाही. आमच्याकडे 2-4 झालं की मुलांची स्प्लिट स्टेप सगळ्यात आधी जाते, खांदे नंतर पडतात.

मातीची आणखी एक गंमत मुलीला आवडेल: बॉल खूण सोडून जातो. इतर तीन ग्रँड स्लॅममधून रेषेवरचे पंच गेले, पॅरिसने 2025 मध्येही माणसंच ठेवली. वाद झाला की अंपायर खुर्चीवरून उतरतो, वाकून खूण शोधतो आणि बोट दाखवतो. तुमच्या मुलीच्या स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्यांना अंपायरच नसेल. तिला दोन गोष्टी शिकवून पाठवा. खूण रेषेला जरा जरी चिकटली तरी बॉल आत. आणि शंका असेल तर तिथल्या तिथे खेळ थांबवायचा, पॉइंट हरल्यावर खूण शोधायला निघायचं नाही. फक्कीच्या रेघेवर बॉल पडला तर पांढरा धूर उडतो, ते सगळ्यांनाच दिसतं. पण जुनी खूण आणि नवी खूण यात घोळ होतो, म्हणून गेम संपला की आपल्या बाजूच्या खुणा पायाने पुसायची सवय लावा.

आपल्या लोकांचं या मातीशी नातं नाही असं समजू नका. मोठ्यांच्या गटात भारतीयाने जिंकलेलं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद इथलंच: 1997, मिश्र दुहेरी, महेश भूपती आणि जपानची रिका हिराकी. मग 1999 आणि 2001 मध्ये पेस-भूपती, 2012 मध्ये सानिया-भूपती, 2017 मध्ये बोपण्णा. ज्युनिअर मुलांच्या एकेरीत रमेश कृष्णन 1979 चा विजेता. तर दुसऱ्या आठवड्यात दुहेरीचे सामने चुकवू नका. दुहेरीत जाळीजवळचे पाय शिकायला मिळतात, जे मातीवर वाढलेल्या मुलांचे हमखास कच्चे असतात.

वेळापत्रक असं करा. नवतप्यात कोर्टावर पहाटे साडेपाच ते सात, त्यापुढे एक मिनिट नाही. निघताना दुपट्टा, पन्ह्याची बाटली, त्यात मीठ घालायला लाजायचं नाही. आजी खिशात कांदा देईल, तोही राहू द्या, आजीचं मन राहतं. दुपारी झोप, मग अडीच-तीनला एक सामना, पूर्ण नाही, एक सेट. अर्धा सेट टॉवेल टाकून, अर्धा काढून. वहीचे दोन रकाने रोज. पंधरा दिवसांत पंधरा पानं होतील. ऑक्टोबरमध्ये मुरमावर उतरलात की तीच वही तुम्ही हातात घ्या आणि तिचे स्वतःचे रकाने भरा. पहिल्या दिवशी दुसरा रकाना पानभर होईल. तिला दाखवू नका, मला दाखवा.

आणि टॉवेल कोरडा घ्या. गेल्या वर्षी एका घरी पोराने कूलरच्या टाकीत भिजवलेलाच टाकला होता.